निनावी पत्राचे वाचक : 'ल कॉर्बो' आणि न्यायनिवाड्याचा इतिहास

१

वाङ्मयप्रकारांच्या कोणत्याही वर्गीकरणात निनावी पत्राला स्थान मिळालेले नाही. पत्रवाङ्मयाचे अभ्यासक ते बाजूला ठेवतात, कारण पत्रलेखकाच्या व्यक्तिमत्त्वाचा शोध घेण्याची सोय त्यात नसते. ललित वाङ्मयात त्याची गणना होत नाही, कारण त्यातील मजकूर खरा की कल्पित हे वाचणाऱ्याला ठरवता येत नाही. अखेर ते पोलिसांच्या दप्तरात जमा होते. मिशेल फूको याने १९६९ च्या फेब्रुवारीत पॅरिस येथे दिलेल्या 'लेखक म्हणजे काय?' या व्याख्यानात खासगी पत्र आणि भिंतीवरील निनावी मजकूर यांचा ओझरता उल्लेख केला आहे. पत्राखाली सही करणारा असतो, भिंतीवर लिहिणारा कोणीतरी असतो. परंतु 'लेखक' या संज्ञेला जे सांस्कृतिक कार्य अभिप्रेत आहे ते या दोघांच्याही वाट्याला येत नाही, असा त्याचा आशय होता. निनावी पत्र या दोहोंच्या मधोमध पडते. ते एका विशिष्ट व्यक्तीला उद्देशून लिहिलेले असते आणि तरीही साऱ्या गावाने वाचावे अशीच त्याची रचना असते. त्याला लिहिणारा असतो, पण तो स्वतःला पुसून टाकतो. आणि नेमक्या या पुसण्यामुळेच वाचणाऱ्यांच्या मनात लेखकाखेरीज दुसरा विषय उरत नाही.

'लेखकाचा मृत्यू' ही रोलां बार्थची १९६८ मधील घोषणा मराठी समीक्षेलाही आता अपरिचित राहिलेली नाही. संहितेला लेखकाच्या जाचातून सोडवले की वाचक मोकळा होतो, असे या घोषणेचे एक सुलभ रूप वर्गावर्गांतून सांगितले जाते. निनावी पत्राचा इतिहास या सुलभीकरणाच्या आड येतो. येथे लेखक खरोखरच अनुपस्थित असतो. पण वाचक मोकळा होत नाही, तो सहभागी होतो. या विधानाची तपासणी करण्यासाठी आन्री-जॉर्ज क्लूझो दिग्दर्शित 'ल कॉर्बो' (डोमकावळा) या १९४३ मधील फ्रेंच चित्रपटाचा इतिहास येथे विचारात घेतला आहे. एका लहान गावातील निनावी पत्रे, त्यांतून बाहेर येणारी गुपिते आणि गावाने परस्परांचा केलेला न्यायनिवाडा हे या चित्रपटाचे आशयसूत्र आहे. चित्रपट प्रदर्शित झाल्यानंतर एका राष्ट्राने त्याचाच न्यायनिवाडा केला. त्या दोन निवाड्यांमधील साम्य आणि भेद हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

२

चित्रपटाच्या कथानकामागे एक प्रत्यक्ष खटला आहे. मध्य फ्रान्समधील कोरेझ प्रांताचे मुख्य ठिकाण असलेल्या त्यूल या गावात १९१७ च्या अखेरीपासून निनावी पत्रे येऊ लागली. पुढील चार-पाच वर्षांत त्यांची संख्या शंभराच्या पुढे गेली. बहुतेक पत्रे प्रांताच्या सरकारी कचेरीतील माणसांविषयी होती. कोणाचे कोणाशी संबंध आहेत, कोणी काय लपवले आहे, असा त्यांचा मजकूर असे. पत्रे टपालाने येत, दारांच्या उंबऱ्यांवर सापडत, देवळातही मिळत. कचेरीतील एका कर्मचाऱ्याचा या प्रकरणात बुद्धिभ्रंश होऊन मृत्यू झाला.

अखेर लियाँ येथील पोलीस-प्रयोगशाळेचे प्रमुख एदमाँ लोकार यांना पाचारण करण्यात आले. जानेवारी १९२२ मध्ये त्यांनी संशयित स्त्रियांना एकत्र बसवून श्रुतलेखन घातले. हस्ताक्षर बदलून लिहिणारी व्यक्ती काही काळ ते सोंग टिकवू शकते. परंतु तासन्‌तास लिहावे लागले की हात थकतो आणि मूळचे वळण वर येते, हे त्यामागचे तत्त्व होते. कचेरीत पूर्वी नोकरीस असलेल्या एका अविवाहित स्त्रीचे हस्ताक्षर अशा रीतीने उघडे पडले. तिने आणि तिच्या आईने तळ्यात जीव देण्याचा प्रयत्न केला; आई बुडाली, ती वाचली. डिसेंबर १९२२ मध्ये तिच्यावर खटला चालला. शिक्षा झाली ती एका महिन्याच्या स्थगित कैदेची आणि थोड्याशा दंडाची. कायद्याच्या तराजूत हा अपराध हलका ठरला. गावाच्या तराजूत त्याचे वजन किती होते, हे त्या तळ्याने दाखवले होते.

लुई शाव्हांस याने या प्रकरणावरून पटकथा रचली आणि ती १९३७ मध्ये 'सापाचा डोळा' अशा अर्थाच्या शीर्षकाने रीतसर नोंदवली. म्हणजे संहितेचा जन्म जर्मन व्याप्तीच्या आधीचा आहे. ही तारीख ध्यानात ठेवणे आवश्यक आहे, कारण पुढील वादात दोन्ही पक्षांना तिची अडचण होते.

३

चित्रपट प्रदर्शित झाला तो २८ सप्टेंबर १९४३ रोजी. पटकथा पडद्यावर येईपर्यंत त्या पत्रांभोवतीचे जग पालटले होते. आरंभीच हे गाव येथले किंवा आणखी कुठलेही असू शकेल असे प्रेक्षकाला सांगितले जाते. त्या गावात डॉ. रेमी जेर्मां हा शहरातून आलेला, स्वतःचा भूतकाळ लपवणारा वैद्य आहे. तो मनोविकारतज्ज्ञ डॉ. व्होर्झे याची तरुण पत्नी लोरा हिच्याशी संबंध ठेवतो आणि गर्भपात घडवून आणतो, असा आरोप करणारी पत्रे येऊ लागतात. त्यांखाली 'डोमकावळा' अशी सही असते. पाहता पाहता गावातील एकही प्रतिष्ठित माणूस त्या चोचीतून सुटत नाही.

गर्भपाताचा हा आरोप १९४३ च्या प्रेक्षकाला केवळ कुजबुजीचा विषय वाटला नसणार. व्हिशी राजवटीने फेब्रुवारी १९४२ च्या कायद्याने गर्भपात घडवून आणणे हा राज्याच्या सुरक्षिततेविरुद्धचा अपराध ठरवला होता. या अपराधासाठी एका स्त्रीला ३० जुलै १९४३ रोजी, म्हणजे चित्रपट प्रदर्शित होण्यापूर्वी अवघे दोन महिने, गिलोटिनखाली देहान्ताची शिक्षा देण्यात आली होती. त्यूलमधील पत्रे माणसाची अब्रू घेत होती. १९४३ मध्ये तशाच मजकुराचे पत्र माणसाचा जीव घेऊ शकत होते. ज्यू शेजाऱ्याविषयी, भूमिगत कार्यकर्त्याविषयी, चोरून धान्य विकणाऱ्याविषयी अधिकाऱ्यांना निनावी पत्र लिहिणे ही त्या काळाची परिचित गोष्ट झाली होती. चित्रपटात एकही जर्मन सैनिक दिसत नाही, व्याप्तीचा उल्लेख नाही. तरीही पत्र उघडणाऱ्या हाताची थरथर ही त्या वर्षाची थरथर आहे.

क्लूझोच्या मांडणीतील महत्त्वाची गोष्ट अशी, की त्याचा कॅमेरा लिहिणाऱ्यापेक्षा वाचणाऱ्यांवर अधिक काळ रेंगाळतो. पत्र हातात पडते, घडी उलगडते, चेहरा बदलतो आणि ते पत्र दुसऱ्या हातात जाते. रुग्णालयातील तेरा क्रमांकाच्या खाटेवरील फ्रांस्वा या तरुणाला त्याचा कर्करोग असाध्य असल्याचे पत्रातून कळते आणि तो वस्तऱ्याने जीव देतो. पत्राच्या दाहक सामर्थ्याचे हे टोक आहे, कारण हे पत्र खोटे नाही. डॉक्टरांनी दयेपोटी लपवलेले सत्य निनावी हाताने दुष्टपणे उघड केले, एवढाच भेद. गुपित राखणे हे पाप की सद्‌गुण, आणि सत्य सांगणे हा गुण की अपराध, या प्रश्नांची उत्तरे मजकुरात सापडत नाहीत. मजकूर कोणी, कोणाला, कशासाठी वाचायला दिला यावर ती अवलंबून राहतात.

फ्रांस्वाच्या अंत्ययात्रेचे दृश्य या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. शववाहक गाडीवरून एक पत्र रस्त्यावर पडते. कॅमेरा जमिनीलगत, जणू त्या पत्राच्या जागी जातो, आणि शोकाकुल मंडळी त्याला वळसा घालून पुढे सरकताना दिसतात. वाकून ते उचलण्याचे धैर्य कोणाला नाही आणि ते न वाचता राहण्याचा संयमही कोणाला नाही. पत्र अखेर उचलले जाते, आणि थोड्याच वेळात तो जमाव मारी कोर्बां या परिचारिकेच्या मागे लागतो. ती कठोर स्वभावाची आहे, अप्रिय आहे, आणि तिच्या आडनावात कावळ्याचा ध्वनी आहे. एवढा पुरावा गावाला पुरतो. ओस पडलेल्या गल्ल्यांतून ती धावते, जमावाचा आवाज तिचा पाठलाग करतो. जमाव मात्र दिसत नाही. घरी पोहोचते तो घराची मोडतोड झालेली असते, आरसा फुटलेला असतो. निनावी पत्राला गावाने दिलेले हे उत्तरही निनावीच आहे.

ती तुरुंगात असतानाच प्रार्थनामंदिराच्या सज्जातून आणखी एक पत्र तरंगत खाली येते. मग सज्जातील सर्वांना शाळेच्या वर्गात बसवून श्रुतलेखन घातले जाते. लोकारचा प्रयोग येथे पुन्हा होतो, पण एका फरकाने. प्रौढ, प्रतिष्ठित माणसे लहान मुलांच्या बाकांवर बसून डोमकावळ्याचीच पत्रे तासन्‌तास उतरवून घेत आहेत, आणि मजकूर सांगणारा आहे डॉ. व्होर्झे. चित्रपटाच्या शेवटी उलगडा होतो तो असा, की पहिली पत्रे लोराने लिहिली आणि पुढची व्होर्झेने तिला सांगून तिच्या हाताने लिहून घेतली. म्हणजे परीक्षा घेणाराच अपराधी आहे. आणि परीक्षेची पद्धत व अपराधाची पद्धत एकच आहे : श्रुतलेखन. शिवाय दनीझ ही गावातील बदनाम स्त्री मध्येच एक पत्र डोमकावळ्याच्या सहीने जेर्मांला लिहिते, कारण तिला जे सांगायचे आहे ते स्वतःच्या नावाने सांगण्याचा अधिकार तिला त्या गावात उरलेला नाही. याचा अर्थ 'डोमकावळा' ही व्यक्ती नाही. ती एक रिकामी जागा आहे आणि जो कोणी तिथे उभा राहील त्याला तो आवाज प्राप्त होतो. फूकोच्या व्याख्यानाच्या पंचवीस वर्षे आधी एका लोकप्रिय रहस्यपटाने लेखकपद हे व्यक्तीचे नसून स्थानाचे असते हे दाखवले होते, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरू नये.

मध्यंतरीच्या एका दृश्यात व्होर्झे जेर्मांला छताला टांगलेला दिवा हलवून दाखवतो. प्रकाश आणि सावली खोलीभर जागा बदलत राहतात. चांगले कुठे संपते, वाईट कुठे सुरू होते, आणि आपण कोणत्या बाजूला आहोत हे सांगता येईल काय, असा त्याचा सवाल आहे. हे दृश्य नैतिक सापेक्षतावादाचे घोषणापत्र म्हणून वारंवार उद्धृत झाले आहे. तसे करताना दोन गोष्टी विसरल्या जातात. एक, हा युक्तिवाद करणारा माणूस स्वतः डोमकावळा आहे. सीमारेषा पुसली जाण्यात त्याचा स्वार्थ आहे. दुसरी, जेर्मां तो हलता दिवा हाताने थांबवायला जातो आणि त्याचा हात भाजतो. दिवा थांबवता येत नाही असे चित्रपट म्हणत नाही. थांबवणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागते, एवढेच तो म्हणतो.

४

चित्रपटाची निर्मिती कोंतिनांताल फिल्म्स या संस्थेने केली होती. १९४० मध्ये पॅरिसमध्ये स्थापन झालेली ही संस्था जर्मन भांडवलावर चाले, आल्फ्रेड ग्रेव्हन हा तिचा प्रमुख होता, आणि १९४४ पर्यंत तिने तीस कथापट काढले. क्लूझो हा तिच्या पटकथा-विभागाचा प्रमुख होता. ही सही चित्रपटाच्या पहिल्याच चौकटीत होती.

विरोध दोन्ही बाजूंनी झाला. कॅथलिक चित्रपट-परीक्षकांनी तो सर्वांनी टाळावा असा ठरवला. 'कार्य, कुटुंब, पितृभूमी' हे ब्रीद मिरवणाऱ्या राजवटीला ज्या लहान गावात राष्ट्राचा आत्मा दिसत होता, त्याच गावाची शाळा, रुग्णालय, देऊळ आणि घर क्लूझोने आतून पोखरलेले दाखवले होते. परंतु अधिक परिणामकारक हल्ला आला तो भूमिगत प्रतिकार-चळवळीच्या पत्रांतून. मार्च १९४४ मध्ये गुप्तपणे निघणाऱ्या नियतकालिकातील लेखात जॉर्ज आदां आणि पिएर ब्लांशार यांनी 'ल कॉर्बो'ची पिसे काढली. फ्रेंच माणूस नीच आहे असे दाखवून हा चित्रपट शत्रूच्या प्रचाराला हातभार लावतो, असा आरोप ठेवला गेला. आणि त्याच्या समोर जाँ ग्रेमियोंचा, विमानोड्डाणाच्या ध्यासाने झपाटलेल्या सामान्य दांपत्याचा चित्रपट आदर्श म्हणून उभा केला गेला. 'ल कॉर्बो' जर्मनीत 'एक लहान फ्रेंच गाव' अशा अर्थाच्या नावाने दाखवला जात आहे, अशीही वार्ता पसरली. पुढील संशोधनात या वार्तेला आधार सापडला नाही. निनावी पत्रांविषयीच्या चित्रपटाला निनावी वार्तेने दोषी ठरवले, हा योगायोग कडवट आहे.

तथापि या टीकाकारांना अडाणी ठरवून मोकळे होणे हा आजच्या वाचकाचा उतावळेपणा होईल. ते ज्या कागदावर लिहीत होते तो जवळ सापडला तर छळछावणीची वाट होती. लेख प्रसिद्ध झाल्यानंतर तीन महिन्यांनी, ९ जून १९४४ रोजी, जर्मन सैन्याच्या एका एसएस तुकडीने एका लहान फ्रेंच गावातील नव्व्याण्णव पुरुषांना रस्त्याकडेच्या सज्जांना आणि दिव्याच्या खांबांना फासावर लटकवले. ते गाव त्यूल होते. निनावी पत्रांच्या गावाला इतिहासाने अशी दुसरी ओळख दिली. 'लहान फ्रेंच गाव' या शब्दांना त्या वर्षी जो अर्थ होता तो ध्यानात घेतला, म्हणजे प्रतिकारकांचा संताप समजू शकतो. समजणे आणि मान्य करणे यांतील अंतर मात्र राखले पाहिजे.

मुक्तीनंतर चित्रपटावर बंदी आली. क्लूझोला चित्रपटव्यवसायातून आजन्म बहिष्कृत करण्यात आले. पुढे ही शिक्षा दोन वर्षांवर आणली गेली. जेर्मांची भूमिका करणारा पिएर फ्रेने आणि दनीझची भूमिका करणारी जिनेत लक्लेर यांना तुरुंगवास घडला. जाँ-पॉल सार्त्र, जाँ कोक्तो, जाक बेकेर आदींनी क्लूझोची बाजू घेतली. १९४७ मध्ये बंदी उठली आणि त्याच वर्षी क्लूझो नव्या चित्रपटासह परतला. या साऱ्या प्रक्रियेत विचारला गेलेला मुख्य प्रश्न होता : हे कोणाच्या सहीने आले? कोंतिनांतालच्या सहीचा अर्थ आधीच ठरलेला असल्यामुळे संहितेचे वाचन नंतर आणि त्या अर्थाच्या पुष्टीपुरते झाले. चित्रपटातील गाव पत्राखाली सही शोधत मजकुराकडे पाठ फिरवते. मुक्त फ्रान्सने सही सापडल्यामुळे मजकुराकडे पाठ फिरवली.

५

सत्तरीच्या दशकात वारे फिरले. मार्सेल ऑफ्युल्सचा क्लेर्मों-फेराँ या शहरावरील अनुबोधपट १९७१ मध्ये चित्रपटगृहांत आला. रॉबर्ट पॅक्स्टनचे व्हिशी राजवटीवरील पुस्तक १९७२ मध्ये, आणि त्याचा फ्रेंच अनुवाद पुढल्या वर्षी, प्रसिद्ध झाला. सारे राष्ट्र प्रतिकारात सामील होते ही समजूत या कृतींनी मोडीत काढली आणि 'ल कॉर्बो' नव्याने वाचला जाऊ लागला. आता तो खबऱ्यांच्या संस्कृतीविरुद्धचा धीट चित्रपट ठरला. जर्मन पैशाने जर्मनांच्या नाकावर टिच्चून केलेला छुपा प्रतिकार ठरला. हे वाचन अधिक सहानुभूतीचे आहे, पण त्याची पद्धत जुनीच आहे. पूर्वी सहीवरून दोष सिद्ध होत होता, आता सहीमागील गुप्त हेतूवरून निर्दोषत्व सिद्ध होऊ लागले. १९३७ ची नोंद येथे दोघांनाही अडवते. पटकथा व्याप्तीच्या आधीची असल्यामुळे ती शत्रूने सांगून लिहून घेतलेले श्रुतलेखन ठरत नाही. आणि त्याच कारणाने ती मुळात व्याप्तीविरुद्धचे रूपकही ठरत नाही. तिला व्याप्तीचा अर्थ मिळाला तो १९४३ च्या वाचकांकडून, कारण त्यांच्या खिशात खरी पत्रे होती.

साहित्यसिद्धान्ताच्या अभ्यासकांना हा वाद परका वाटण्याचे कारण नाही. पॉल द मान याने तरुणपणी, १९४० ते १९४२ या काळात, व्याप्त बेल्जियममधील 'ल स्वार' या जर्मन नियंत्रणाखालील दैनिकात लिहिलेले लेख त्याच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी, १९८७ मध्ये, उजेडात आले. त्यांतील मार्च १९४१ चा एक लेख युरोपीय साहित्यातील ज्यूंच्या स्थानाविषयी होता आणि ज्यूंना युरोपबाहेर वसवले तरी त्या साहित्याची मोठी हानी होणार नाही, असे त्यात सुचवले होते. त्यानंतरच्या वादात एका बाजूने द मानचे सारे उत्तरकालीन लेखन त्या जुन्या सहीवरून निकालात काढले. दुसऱ्या बाजूने तो लेखही विरचनेच्या युक्त्यांनी निरुपद्रवी करून दाखवण्याचा प्रयत्न झाला. या दोन प्रकरणांची सरमिसळ करता कामा नये. 'ल स्वार'मधील लेखाचा दोष शोधण्यासाठी सहीपर्यंत जावे लागत नाही. तो वाक्यांत आहे. 'ल कॉर्बो'चा कथित दोष मात्र संहितेत दाखवता आला नाही, तो शीर्षकपट्टीवरून आयात करावा लागला. ही तुलना एक कसोटी पुरवते. इतिहासाच्या नावाने दिलेला निवाडा संहितेच्या आत आपला पुरावा दाखवू शकला पाहिजे, आणि संहितेच्या नावाने दिलेली निर्दोषता ती संहिता ज्या काळात व ज्या हातांत वाचली गेली त्या काळासमोर टिकली पाहिजे. यांपैकी एकच कसोटी लावणारी समीक्षा अर्धाच खटला चालवते.

अनामिकतेविषयीच्या आपल्या सैद्धान्तिक ओढीचाही येथे फेरविचार व्हावा. लेखक पुसला गेल्याने अर्थाचे अधिकार वाचकाकडे येतात, हे खरे. पण अधिकारांबरोबर उत्तरदायित्वही येते, हे घोषणेच्या ओघात बोलायचे राहून जाते. डोमकावळ्याची पत्रे कोणीच वाचली नसती, किंवा वाचून पुढच्याच्या हाती दिली नसती, तर ती केवळ कागद राहिली असती. मारी कोर्बांचा आरसा पत्र लिहिणाऱ्याने फोडलेला नाही.

चित्रपटाच्या अखेरीस जेर्मां व्होर्झेच्या घरी पोहोचतो तेव्हा व्होर्झे मेजावर मरून पडलेला असतो. समोर अखेरचे पत्र असते. फ्रांस्वाच्या आईने मुलाने जीव दिला त्याच वस्तऱ्याने त्याचा गळा चिरला आहे. खिडकीतून ती दिसते : काळ्या वस्त्रात, खेळणाऱ्या मुलांच्या जवळून शांतपणे निघून जाणारी. तिने न्याय केला की खून, हे चित्रपट सांगत नाही, आणि जेर्मांही तिला हाक मारत नाही. आता तिचे गुपित त्याच्याजवळ आहे. ते राखायचे की उघड करायचे, याचा निर्णय त्याला स्वतःच्या नावाने घ्यावा लागेल.